वर्धा जिल्ह्यातील ख्रिस्ती पंथांचे परस्पर सहकार्य : पूर्वपीठिका, नियम आणि कार्यक्षेत्र

आपल्या दु:खसहनाच्या पूर्वसंध्येस प्रभू येशूने पित्याजवळ जी प्रार्थना केली, ती संत योहानकृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात आली आहे. आपले शिष्य एक व्हावेत, म्हणजे जग विश्वास ठेवील, असा त्या प्रार्थनेचा आशय आहे. ऐक्य आणि साक्ष ह्या दोन गोष्टी प्रभूने स्वत:च एकमेकींशी जोडल्या आहेत. म्हणून ख्रिस्ती ऐक्य हा केवळ धर्मपंडितांच्या चर्चेचा विषय नव्हे. प्रत्येक धर्मग्रामाचा, प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाचा तो विषय आहे.

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर अशा ८ तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख होती. त्यांत ख्रिस्ती बांधव अत्यल्प आहेत आणि ते अत्यल्प बांधवही अनेक पंथांत विभागलेले आहेत. अशा ठिकाणी ऐक्याचा प्रश्न पुस्तकी राहात नाही. मुलीचे लग्न जुळविताना, मृताला मूठमाती देताना, आजाऱ्यासाठी प्रार्थनेला धर्मगुरू शोधताना तो दारात येऊन उभा राहतो. ह्या विषयाची पूर्वपीठिका, आपल्या ख्रिस्तसभेचे त्यासंबंधीचे नियम आणि सहकार्याची क्षेत्रे ह्यांची माहिती वाचकांना एकत्र मिळावी, ह्या हेतूने आम्ही हा लेख देत आहोत.

एका प्रदेशात अनेक पंथ कसे आले?

विदर्भात ख्रिस्ती श्रद्धा एकाच वाटेने आली नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले आणि १८६३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ह्या भागात कार्य केले. नागपूर, वर्धा आणि भंडारा ह्या पट्ट्यात पुढे स्कॉटिश मिशनचे काम चालले. शेजारच्या चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन होते, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, तर अकोला-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या बाजूने संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघाच्या मिशनरींनी नागपूर परिसरात पाया घातला आणि १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली.

प्रोटेस्टंट मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये, म्हणून त्या काळी प्रदेश वाटून घेण्याची पद्धत होती. भांडणे टाळण्यासाठी ती उपयोगी ठरली; परंतु तिचा एक परिणाम असा झाला की मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ पुष्कळदा त्याच्या निवडीवर नव्हे, तर त्याचे आजोबा कोणत्या जिल्ह्यात राहात होते ह्यावर ठरला. नदीच्या अलीकडचा भाऊ एका पंथाचा आणि पलीकडचा दुसऱ्या पंथाचा झाला. जी मतभेदांची भिंत युरोपात उभी राहिली, तिच्या विटा आम्ही वारशाने उचलल्या. ती भिंत का उभी राहिली, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक होते.

पुढे रेल्वे, पुलगावचे लष्करी दारूगोळा भांडार, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था ह्यांमुळे देशाच्या इतर भागांतील माणसे जिल्ह्यात आली. अशा स्थलांतरितांबरोबर त्यांच्या भाषा आणि उपासनापद्धतीही येतात. आज एकाच गावात मराठी, हिंदी, मल्याळम आणि इंग्रजीतून प्रभूचे नाव घेतले जाते.

चांदा धर्मप्रांत : विधी वेगळा, ख्रिस्तसभा एकच

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. १९६२ साली चांदा मिशनक्षेत्राची स्थापना होऊन ते सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या कार्मेलाईट ऑफ मेरी इमॅक्युलेट ह्या संघाकडे सोपविण्यात आले. १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे महाराष्ट्रातील तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. तेलंगणातील आदिलाबादचा भाग १९९९ साली स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

सिरो-मलबार ही प्रेषित संत थोमा ह्यांची परंपरा सांगणारी पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभा असून ती पोप महोदयांशी पूर्ण ऐक्यात आहे. म्हणून लॅटिन विधी आणि सिरो-मलबार विधी ह्यांतील भेद हा पंथभेद नव्हे. उलट केरळमधून आलेले ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा बांधव हेही संत थोमा ह्यांचीच परंपरा सांगतात. मात्र ते रोमशी पूर्ण ऐक्यात नाहीत. नावे सारखी वाटल्यामुळे होणारा हा गोंधळ दूर झाला पाहिजे. एकरूपता म्हणजे ऐक्य नव्हे, हा धडा वर्ध्याच्या कॅथलिक समाजाला आपल्याच घरात मिळाला आहे. वेगळ्या विधीने उपासना करूनही एका मेजावर बसता येते, ह्याचा अनुभव त्याला रोजचा आहे.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

ख्रिस्ती ऐक्याच्या इतिहासातील एक मोठी घटना वर्ध्यापासून जवळच, नागपुरात घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या परिसरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन परंपरेची ख्रिस्तसभा, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांतून १९२४ साली बनलेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथॉडिस्ट असे सहा प्रवाह एकत्र आले. ह्या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. म्हणजे ४१ वर्षे चर्चा, मसुदे, दुरुस्त्या आणि प्रार्थना चालू होती. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी मात्र अखेरच्या टप्प्यात बाजूला राहिली, ही खंतही त्या आनंदात होती.

ह्या संयोगातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. ज्या परंपरांत बिशप नव्हते त्यांनी बिशपपद स्वीकारले. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणी विश्वास प्रकट करून घेतलेला बाप्तिस्मा ह्या दोन्ही प्रथांना एकाच मंडळीत स्थान देण्यात आले. कोणीही आपली श्रद्धा सोडली नाही. पण प्रत्येकाने आपला हट्ट थोडा सैल केला.

नागपूर हेच नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया ह्या संस्थेचेही मुख्यालय आहे. १९१४ साली मिशनांची राष्ट्रीय परिषद म्हणून तिचा आरंभ झाला. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा तिच्या सभासद आहेत. कॅथलिक ख्रिस्तसभा सभासद नाही. तथापि भारतीय कॅथलिक बिशपांची परिषद अनेक राष्ट्रीय प्रश्नांवर तिच्याबरोबर काम करते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेची शिकवण

कॅथलिक ख्रिस्तसभेने ह्या चळवळीकडे दीर्घ काळ दुरून पाहिले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा विश्वपरिषदेचा आदेश प्रसिद्ध केला आणि ही भूमिका बदलली. त्याच दिवशी पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभांविषयीचा आदेशही प्रसिद्ध झाला. त्यानंतर ११ दिवसांनी, २ डिसेंबरला, पोप महोदय युखरिस्त महासभेसाठी मुंबईत उतरले. वर्ध्याच्या कॅथलिकांना हे दोन्ही आदेश सारखेच जवळचे आहेत. एक घरातील विविधतेविषयी, तर दुसरा शेजारच्या भावाविषयी बोलतो.

ऐक्यविषयक आदेशाची शिकवण थोडक्यात अशी : फाटाफूट ख्रिस्ताच्या इच्छेविरुद्ध आहे. ती घडली तेव्हा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांकडे होता. आज त्या पंथांत जन्मलेल्यांवर फुटीचे पाप लादता येत नाही. ज्यांचा ख्रिस्तावर विश्वास आहे आणि ज्यांना विधिवत स्नानसंस्कार मिळाला आहे, ते अपूर्ण असले तरी खऱ्या अर्थाने आपल्याशी जोडलेले आहेत. आणि ऐक्याची सुरुवात दुसऱ्याच्या सुधारणेपासून नव्हे, स्वत:च्या अंत:करणाच्या परिवर्तनापासून होते.

ह्याच वाटेने पुढे १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी कृपेने नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सोळाव्या शतकातील फुटीच्या मुळाशी हाच वाद होता. मेथॉडिस्टांनी २००६ मध्ये व रिफॉर्म्ड ख्रिस्तसभांनी २०१७ मध्ये तिला आपली जोड दिली.

सेवाग्राम व मगनवाडी : वर्ध्याचा वेगळा वारसा

वर्धा जिल्ह्याला ह्या बाबतीत आणखी एक वारसा लाभला आहे. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललेल्या त्याच्या कार्याची धुरा जे. सी. कुमारप्पा ह्या तमिळ ख्रिस्ती अर्थतज्ज्ञांनी वाहिली. येशूच्या आचरणावर आणि उपदेशावर त्यांनी पुस्तक लिहिले, ते चर्चेच्या दिवाणखान्यातून नव्हे, तर खेड्यातील तेलघाणी आणि हातकागदाच्या अनुभवातून. सेवाग्रामच्या नयी तालीमचे ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे जाफनाच्या ख्रिस्ती समाजातून आलेले होते. गांधीजींच्या सचिव म्हणून काम केलेल्या राजकुमारी अमृत कौर ह्याही ख्रिस्ती घराण्यातील होत्या. एडिंबरोच्या १९१० च्या मिशनरी परिषदेचे अध्यक्ष जॉन मॉट ह्यांनी १९३६ आणि १९३८ साली गांधीजींची येथे येऊन भेट घेतली.

ह्या सर्व ख्रिस्ती व्यक्ती वेगवेगळ्या परंपरांतील होत्या. त्यांना एकत्र आणले ते एखाद्या ठरावाने नव्हे, तर गरिबांच्या सेवेने. गांधीजींना प्रिय असलेले प्रकाशाची याचना करणारे प्रसिद्ध इंग्रजी स्तोत्र जॉन हेन्री न्यूमन ह्यांनी १८३३ साली लिहिले, तेव्हा ते अँग्लिकन धर्मगुरू होते. पुढे १८४५ साली ते कॅथलिक झाले, १८७९ साली कार्डिनल झाले आणि २०१९ साली त्यांना संतपद देण्यात आले. ते गीत कोणत्या पंथाचे, असा प्रश्न ते गाणाऱ्या कोणालाच पडत नाही.

काय एकत्र करता येते आणि काय नाही

सहकार्य टिकण्यासाठी त्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्या लागतात. ह्या संदर्भात ख्रिस्तसभेचे नियम प्रामुख्याने १९९३ च्या ऐक्यविषयक मार्गदर्शिकेत आणि धर्मविधानांत आढळतात. चांदा धर्मप्रांतास पौर्वात्य ख्रिस्तसभांची १९९० ची संहिता लागू होते. मुख्य मुद्दे असे :

स्नानसंस्कार. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा, तो कोणत्याही पंथात झालेला असो, योग्य हेतूने दिलेला असल्यास कॅथलिक ख्रिस्तसभा वैध मानते. म्हणून चर्च ऑफ नॉर्थ इंडियातून आलेल्या व्यक्तीस पुन्हा स्नानसंस्कार दिला जात नाही. गंभीर शंका उरल्यासच सशर्त विधी केला जातो.

प्रार्थना व वचन. संयुक्त प्रार्थनासभा, वचनवाचन, गीतगायन, नाताळपूर्व कार्यक्रम, दु:खभोग सप्ताहातील मनन ह्यांना पूर्ण मोकळीक आहे. नव्हे, ती उत्तेजनास पात्र आहेत. ज्या मंडळीला स्वत:चे मंदिर नाही, तिला महागुरुस्वामींच्या परवानगीने कॅथलिक मंदिर वापरण्यास देता येते.

मिस्साबलिदान व ख्रिस्तशरीर. येथे आपण थांबतो. ऑर्थोडॉक्स बांधवांनी स्वत:हून मागितल्यास आणि ते योग्य मन:स्थितीत असल्यास त्यांना हा संस्कार देता येतो. इतर पंथीयांना मात्र मृत्यूचे भय किंवा तशीच निकडीची गरज असताना, कॅथलिक श्रद्धा ते मान्य करीत असल्यासच तो देता येतो. हा नियम तिरस्कारातून आलेला नाही. एका मेजावर बसणे हे पूर्ण ऐक्याचे चिन्ह आहे आणि जे अजून झालेले नाही ते झाल्याचे दाखवू नये, ही त्यामागची भूमिका आहे. शेजारी बसलेला भाऊ त्या क्षणी मागे राहतो, ह्याचे दु:ख झालेच पाहिजे. ते दु:ख बोथट होऊ न देणे हीसुद्धा ऐक्याची प्रार्थनाच होय.

विवाह. अल्पसंख्य समाजात आंतरपंथीय विवाह अटळ आहेत. त्यासाठी स्थानिक धर्माधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते. कॅथलिक पक्षाने आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना कॅथलिक ख्रिस्तसभेत वाढविण्यासाठी यथाशक्ती प्रयत्न करण्याचे वचन द्यावयाचे असते. दुसऱ्या पक्षाकडून तसे वचन घेतले जात नाही, परंतु त्यास त्याची पूर्वकल्पना दिली जाते. दोन्ही बाजूंच्या धर्मसेवकांनी लग्नापूर्वी एकत्र बसून त्या जोडप्याशी बोलणे हे अनेक घरांतील पुढचे कलह टाळू शकते.

अंत्यविधी. बाप्तिस्मा झालेल्या अन्यपंथीय व्यक्तीचा स्वत:चा पाळक उपलब्ध नसेल आणि तिची इच्छा विरुद्ध नसेल, तर धर्माधिकाऱ्यांच्या विवेकाने कॅथलिक धर्मगुरू तिचा अंत्यविधी करू शकतात. ज्या तालुक्यात पाळक दुरून यावयाचे असतात, तेथे हा नियम सर्वांस ठाऊक असणे फार मोलाचे आहे. दफनभूमीची जागा, तिचे कुंपण आणि तिची सरकारदरबारी नोंद ह्या बाबी तर कोणा एका पंथाच्या नव्हेतच. मातीला पंथ नसतो.

भाषा : एका मायबोलीचे दोन शब्दकोश

आपल्या दुराव्याचे एक साधे कारण शब्दांत आहे. आम्ही 'स्नानसंस्कार' म्हणतो, ते 'बाप्तिस्मा' म्हणतात. आम्ही 'मिस्सा', ते 'प्रभुभोजन'. आमचा 'धर्मग्राम', त्यांची 'मंडळी'. आमचे 'धर्मगुरू', त्यांचे 'पाळक'. संयुक्त सभेत ह्यामुळे दोन्हीकडची माणसे अवघडतात. परंतु ह्याच मायबोलीने आपल्याला जोडलेही आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) प्रोटेस्टंट होते; तरीही त्यांची अभंगांच्या आणि भजनांच्या वळणाची गीते मराठी ख्रिस्ती माणसाने पंथ न पाहता आपली मानली. त्यांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापन केला, तो पंथांच्या चौकटीपलीकडे ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत म्हणूनच. लक्ष्मीबाई टिळकांनी १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. आणि वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) ह्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तेव्हा तो साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाचा गौरव ठरला.

अडथळे

अडचणी झाकून ठेवून ऐक्य साधत नाही. पहिली अडचण एकमेकांची मेंढरे ओढण्याची. अविश्वासू माणसाला सुवार्ता सांगण्याऐवजी शेजारच्या मंडळीतील कुटुंब आपल्याकडे वळविणे आणि त्याचा पुन्हा बाप्तिस्मा करणे, ह्यामुळे जेवढी कटुता येते तेवढी सिद्धांतभेदाने येत नाही. दुसरी अडचण भीतीची : एकत्र प्रार्थना केली तर आपली माणसे जातील, असे लहान मंडळीला वाटते आणि संख्येने किंवा संस्थांनी मोठी असलेली मंडळी आपल्याला गिळून टाकील, असेही वाटते. येथे शाळा आणि रुग्णालये चालविणाऱ्यांवर नम्रतेची अधिक जबाबदारी येते. तिसरी अडचण जातीची. ती पंथाच्या नावाखाली लपते आणि सोयरीक जुळविताना उघडी पडते.

दलित ख्रिस्ती बांधवांवरील अन्याय तर सर्व पंथांना सारखाच भोवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. ह्या प्रश्नावर कॅथलिक बिशपांची परिषद आणि नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस एकत्र उभ्या आहेत. १९९९ साली २२ व २३ जानेवारीच्या रात्री ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जाळली गेली, तेव्हा ऐक्यासाठी प्रार्थनेचाच आठवडा चालू होता. मारणाऱ्याने त्यांचा पंथ विचारला नव्हता. छळ करणाऱ्यांना जे ऐक्य दिसते, ते आपल्याला दिसू नये काय?

सेवेचे समान क्षेत्र

स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली भरलेल्या परिषदेने ख्रिस्तसभांपुढे एक कसोटी ठेवली : खोल श्रद्धाभेदामुळे जे वेगळे करणे भाग आहे ते सोडून बाकी सर्व आपण एकत्र का करू नये? वर्धा जिल्ह्यापुरते ह्याचे उत्तर शोधणे कठीण नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी जाहीर केलेल्या मदतीच्या योजनेत विदर्भातील जे ६ जिल्हे होते, त्यांत वर्धा एक होता. कापसाच्या शेतात नवरा गमावलेल्या स्त्रीला मदत देणारा कोणत्या चर्चमधून आला, ह्याने काही फरक पडत नाही. पण तीन चर्चमधून तीन माणसे वेगवेगळी आली आणि पुढच्या वर्षी एकही आला नाही, तर मात्र फरक पडतो. मुलांच्या शिक्षणाची मदत, रुग्णसेवा, व्यसनमुक्ती, तुरुंगातील भेटी ह्यांत कामाची वाटणी करून घेतल्यास थोड्या माणसांकडून पुष्कळ काम होईल. कुष्ठसेवेचा वारसा तर ह्या जिल्ह्यातच आहे : दत्तपूरची महारोगी सेवा समिती १९३६ पासूनची आहे. ती ख्रिस्ती संस्था नव्हे. सेवा ही कोणाची मक्तेदारी नाही, हे ती आपल्याला शिकविते.

प्रार्थनेचा आठवडा

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा म्हणून पाळला जातो. १९०८ साली अमेरिकेत त्याचा आरंभ झाला. १९६८ पासून कॅथलिक ख्रिस्तसभा आणि जागतिक चर्च परिषद ह्यांनी मिळून तयार केलेले प्रार्थनासाहित्य वापरले जाते. २०१३ चे साहित्य भारतातील ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने तयार केले होते. मीखा संदेष्ट्याच्या वचनावर आधारलेल्या त्या मननात दलितांच्या न्यायाचा प्रश्न केंद्रस्थानी होता. २०२५ साली नायसिया विश्वपरिषदेला १७०० वर्षे झाली आणि त्या वर्षी पौर्वात्य व पाश्चात्य ख्रिस्तसभांचा पुनरुत्थानाचा सण २० एप्रिल ह्या एकाच दिवशी आला. जो विश्वासांगीकार त्या परंपरेतून आपल्यापर्यंत आला, तो आजही बहुतेक पंथांना समान आहे.

ज्या धर्मग्रामात हा आठवडा अद्याप पाळला जात नाही, तेथे एका संध्याकाळच्या संयुक्त प्रार्थनेपासून आरंभ करता येईल. धर्मगुरूंनी शेजारच्या पाळकांस स्वत: जाऊन निमंत्रण द्यावे. वचन एकाने वाचावे, मनन दुसऱ्याने द्यावे, गीते दोन्हीकडची असावीत आणि गोळा झालेले दान दोघांनी मिळून एखाद्या गरजू घरी न्यावे. पूर्ण ऐक्याचा दिवस केव्हा उगवेल, ते पित्याच्या हाती आहे. तोवर एकमेकांच्या घरी जाणे, एकमेकांच्या मृतांसाठी थांबणे आणि एकमेकांविषयी वाईट न बोलणे हे आपल्या हाती आहे. प्रभू येशू आपल्या प्रार्थनेचे फळ ह्या जिल्ह्यात आपल्याला पाहू देवो, हीच आमची प्रार्थना.